रिजवरचा दगड

श्यामकांत साळव्यांची सगळी हयात दगडांत गेली. केंद्र सरकारच्या खात्यात चौतीस वर्षं दगडांची वयं काढायची, आणि रविवारी गाझियाबादच्या मराठी ख्रिस्ती उपासनेत पहिल्या रांगेत बसून सहा दिवसांत सृष्टी झाली यावर मान डोलवायची. दोन्हीकडे डोलणारी मान पुष्कळांना असते. दिल्लीत सरकारी नोकरी काढायची तर असावीच लागते.

त्यांच्या पोराला मात्र ती नव्हती. अनुराग दहा वर्षांचा असताना बापाने त्याला दिल्लीत हिंदूराव इस्पितळाजवळच्या रिजवर, त्या जुन्या खडकाळ टेकडीवर नेलं, एक दगड हातात दिला आणि सांगितलं, "याचं वय दीडशे कोटी वर्षं. जपून ठेव." पोराने जपला. एकविसाव्या वर्षी मंडळीच्या संडे स्कूलमध्ये शिकवायला लागला तेव्हा पहिल्याच धड्याला तो दगड टेबलावर ठेवून मुलांना म्हणाला, "देवाचे सहा दिवस म्हणजे आपले सोमवार ते शनिवार नव्हेत. सूर्यच चौथ्या दिवशी झाला, तर आधीचे तीन मोजले कशाने?"

झालं. कमिटी बसली. सेक्रेटरी सरलाबाई कसोटे म्हणाल्या, पोरगं सायन्स शिकवतंय, बायबलचं वचन नाही. माफी मागेपर्यंत वर्ग बंद, भाकरी-द्राक्षरसाचं प्रभुभोजनही बंद. अनुराग शांतपणे म्हणाला, "बाबांना विचारा. दगड त्यांनीच दिलाय, वयही त्यांनीच सांगितलंय."

बाबा कमिटीतच होते. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. श्यामकांतांनी चष्मा पुसला. "मी असलं काही सांगितलेलं नाही. वाचलं असेल त्याने कुठेतरी."

असं बोलताना एखाद्याची जीभ झडली असती. यांना मात्र सुटल्यासारखं वाटलं. पोराने दगड टेबलावरच सोडला आणि महिन्याभरात बेंगळुरूला नोकरी धरली. त्याला सहा वर्षं झाली. आईला, हेमलताला, फोन करतो, बापाशी बोलत नाही. नाताळच्या करंज्या हेमलता पार्सलने पाठवते. श्यामकांत रिटायर झाले, आणि रिकामं घर त्यांना खायला उठलं. पोरगं एकदा तरी उंबरा ओलांडून आत यावं, एवढीच इच्छा उरली.

यंदा मंडळीला नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले, सुधन्वा उजगरे, तरुण, लॅपटॉपवाले. पहिल्याच महिन्यात त्यांनी पडद्यावर पृथ्वीचं चित्र लावलं आणि सांगितलं, "उत्पत्तीचं पुस्तक हे सायन्सचं पुस्तक नाही. ते दिवस चोवीस तासांचे नव्हेत. सृष्टी कशी झाली ते शास्त्राला विचारा, कोणी केली ते वचनाला." लोक खूश. सरलाबाई तर म्हणाल्या, "बिल्कुल बरोबर, मी कधीपासून हेच म्हणतेय."

पाळकांनी विचारलं, "श्यामकांतकाका, पुढच्या रविवारी मुलांना एखादा दगड दाखवाल का?"

त्या वेळी टेबलावरून उचलून आणून कपाटात ठेवलेला तोच दगड श्यामकांतांनी काढला, झटकला, नेला. आणि भरल्या सभेत म्हणाले, "वय दीडशे कोटी वर्षं. हा मीच अनुरागला दिला होता. मीच त्याला सांगितलं होतं." टाळ्या झाल्या, पहिली सरलाबाईंची. हेमलताचे हात मांडीवरच होते.

घरी येऊन चपला काढायच्या आधीच ते म्हणाले, "लाव त्याला फोन. सांग, मी सगळ्यांसमोर कबूल केलं. आता येईल तो."

"वरातीमागून घोडं," हेमलता म्हणाली, पण फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं, नव्या पाळकांपासून टाळ्यांपर्यंत.

पलीकडून अनुराग म्हणाला, "आई, आज सगळी मंडळी तेच म्हणत होती ना?"

"हो रे."

"त्या दिवशीही बाबा मंडळी म्हणत होती तेच बोलले होते. काय बदललं?"

श्यामकांत दगड हातात धरून उभे होते. हेमलताने फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेली आणि रोजच्यासारखी दोन ताटं घेतली.