लवूची कानटोपी

डिसेंबर असला तरी कानटोपी घालावी एवढी थंडी घाटकोपरला कुणी कधी पाहिलेली नाही. तरीही त्या रविवारी सकाळी सहदेव परबने आपल्या तीन वर्षांच्या लवूच्या डोक्यावर लोकरीची कानटोपी चढवली, हनुवटीखाली तिचे बंद आवळले आणि वर एक गाठ मारली. पोराचे गाल टोपीतून बाहेर आले.

"अहो, उकडून मरेल तो," प्रेमा म्हणाली.

"काही मरत नाही. कोणी विचारलं तर कान दुखतो म्हणून सांगायचं."

"कान कुठे दुखतोय त्याचा?"

"तू गप बस ना जरा. आणि लवू, तू ऐक. टोपी काढायची नाय. काढलीस तर सगळे हसतील. काय करतील?"

"हसतील," लवू म्हणाला. बाबा एवढं समोर बसून, डोळ्यांत बघून त्याच्याशी क्वचितच बोलायचा, त्यामुळे त्याने ते मनापासून ऐकलं.

टोपीखाली दोन वेण्या होत्या. चांगल्या जाड, लाल रिबिनी लावून वर दुमडलेल्या. लवूच्या डोक्याला जन्मापासून कात्री लागलेली नव्हती, कारण त्याचं जावळ गावच्या देवीला बोललेलं होतं. लवूच्या आधी प्रेमाची दोन बाळंतपणं वाया गेली. दुसऱ्या खेपेनंतर ती महिनाभर भिंतीकडे तोंड करून झोपायची. तेव्हा सहदेवची आई, सुंदराबाई, दोघांना घेऊन गावी गेली आणि गुरवाला गाऱ्हाणं घालायला लावलं. ह्या घरात पाळणो हलांदे, झील झालो तर तिसरा वर्स सरल्यावर त्येचा जावळ तुझ्या पायाशी पडांदे, असा मुलासाठीचा नवस गुरव बोलला आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. त्यात सर्वांत मोठा आवाज सहदेवचा होता. हात जोडलेले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आता माघात जत्रेला जाऊन जावळ द्यायचं ठरलं होतं. "तंवसर कातर लावची नाय," सुंदराबाईने बजावलं होतं.

यात लाजण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. चाळीत अर्ध्या घरांतून असली पोरं वाढलेली. पण सहदेवचं दुखणं चाळीतलं नव्हतं, साकीनाक्याचं होतं.

साकीनाक्याला पंख्यांच्या कारखान्यात तो कामाला होता. तिथे कँटीनमध्ये सहदेव म्हणजे मोठा पुढारलेला माणूस. युनियनच्या सभेत पुढे बसणारा, रोज पेपर वाचणारा, "विज्ञानाचं युग आहे, राव" हे वाक्य चहाबरोबर बिस्किटासारखं वापरणारा. त्याच्याच खात्यात धोंडू राऊळ होता, मुलुंडला राहणारा, साधा, हळू बोलणारा. धोंडू मागल्या वर्षी रजा काढून गावच्या राखणदाराला, देवचाराला, कोंबडा द्यायला गेला आणि परत येऊन त्याने हे भाबडेपणाने सांगूनही टाकलं. झालं! सहदेव बाकड्यावर उभा राहिला, दोन्ही हातांचे पंख केले आणि भर कँटीनमध्ये आरवला. माणसं हसून हसून लोळली. तेव्हापासून धोंडूचं नाव कोंबडा पडलं ते पडलंच. शिफ्ट सुटताना कुणी ना कुणी आरवायचंच. धोंडू खाली मान घालून हसायचा. आणि त्याच वेळी घरी सहदेवच्या पोराच्या डोक्यावर देवीचं जावळ वाढत होतं. हे जर त्या लोकांना कळलं असतं तर सहदेवची पार वाट लागली असती. माणूस दुसऱ्याची टर उडवतो तेव्हा आपलीही कधी उडेल याची भीती त्याच्या पोटात कायमची बसते. सहदेवच्या पोटात ती वर्षभर बसलेली होती.

त्यात कंपनीने ही फॅमिली पिकनिक काढली. बोरिवलीला डोंगराच्या बाजूला नवीन पार्क झालं होतं, जादूनगरी म्हणून. छोटी आगगाडी, गरगर फिरणारे कपबशीचे पाळणे, पोटातून घसरगुंडी असलेला सिमेंटचा हत्ती आणि होड्यांचं तळं. सहदेव जाणारच नव्हता, पण प्रेमा आठवडाभर लवूला त्या हत्तीच्या गोष्टी सांगत होती. सकाळची सिरियल बुडाली तरी चालेल म्हणाली, म्हणजे बघा.

बसमध्येच सुरुवात झाली. "काय रे सहदेव, पोराला काय हिमालयात नेतोस?" सहदेवने कानदुखीची सबब पुढे केली. मग कुणाच्या बायकोने लसणाचं तेल सुचवलं, कुणी ओव्याची पुरचुंडी. धोंडू मागच्या सीटवरून उठून आला आणि स्वतःचा मफलर देऊ लागला. "वारा लागता रे खिडकीतून, बांध त्याला." सहदेव नको नको म्हणाला. प्रेमा खिडकीबाहेर बघत राहिली. खोट्याला सामील व्हायचं तिला जमत नसे, आणि नवऱ्याला चारचौघांत तोंडावर पाडणंही जमत नसे.

पार्कमध्ये गेल्यावर बायका मोठ्या पाळण्याच्या रांगेत उभ्या राहिल्या. प्रेमाने लवूला सहदेवच्या हातात दिलं. "हात सोडू नका हां त्याचा. इथे गर्दी बघा किती."

"मला काय अक्कल नाही?" सहदेव म्हणाला.

अक्कल होती, पण तोंड जास्त होतं. छोट्या आगगाडीतून लवूला दोन फेऱ्या मारून आणल्यावर कंपनीतले चौघे-पाचजण कठड्याशी टेकले, आणि समोरून धोंडू पोरांसाठी कागदी भिरभिरी घेऊन येताना दिसला. कुणीतरी हळूच आरवलं. सगळे सहदेवकडे बघू लागले, कारण खरा आरवणारा तोच. आता नाही म्हणायचं म्हणजे पत गेली. सहदेवने लवूचा हात सोडला, पंख केले, मान वर केली आणि खणखणीत आरवला. पार्कमधली परकी माणसंही हसली. त्याला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं, हे सांगितलं पाहिजे.

पंख खाली आले तेव्हा लवू तिथे नव्हता.

पहिल्यांदा तो नुसता इकडेतिकडे बघत फिरला. हत्तीकडे गेला, कपबशांकडे गेला. मग आगगाडीच्या रुळांजवळ त्याला कानटोपी दिसली. घामाने भिजलेली, गाठ तशीच, पोराने ओढून काढलेली. सहदेवने ती उचलली आणि पोर कुठे असेल याच्या आधी त्याच्या मनात आलं, म्हणजे आता वेण्या दिसत असणार. त्याने टोपी पँटच्या खिशात कोंबली.

"सहदेव, अरे लवू खंय?" धोंडू धावत आला. त्याला बातमी लागली होती. मघाचा कोंबडा तो विसरूनही गेला होता, किंवा बाजूला ठेवून आला होता. "चल, तिकडे लाऊडस्पीकरची खोली हा. हरवलेली पोरां थंयच आणतत."

खोलीच्या खिडकीत एक वयस्क बाई बसली होती. "मुलगा हरवलाय, तीन वर्षांचा," धोंडूच बोलला.

"मुलगा नाही बाबा आला कोणी," बाई म्हणाली. "एक मुलगी आहे आत. पिवळा शर्ट, हाफ चड्डी. दोन वेण्या, लाल रिबिनी. नाव सांगत नाही. रडून रडून आता गप्प झालीय."

आतल्या दाराला पडदा होता. पडद्याखालून एक सँडल दिसत होती, बंद तुटल्यावर प्रेमाने काळ्या दोऱ्याने शिवलेली.

"पिवळा शर्ट म्हणतायत रे," धोंडू म्हणाला. "आपल्या लवूचा पिवळाच ना? बघून तरी घे आत."

सहदेवने पडद्याकडे पाहिलं, धोंडूच्या तोंडाकडे पाहिलं. एका क्षणात त्याला पुढचं सगळं दिसलं. कँटीन, बाकडं, आणि यावेळी बाकड्यावर कोण उभं राहणार ते. आत्ता नको, धोंडूला कुठेतरी पाठवतो आणि एकटा येऊन घेऊन जातो, दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं.

"नाही," तो म्हणाला. "वेण्या म्हणतायत ना त्या. आमचा मुलगा आहे. ती आमची नाही."

पडद्याखालची सँडल जरा हलली.

"धोंडू, तू गेटकडे बघ. मी इकडे बघतो."

"खुळो काय तू? ह्या अवस्थेत तुका एकटो सोडू?" धोंडूने त्याचा दंड धरला. तो काही सोडेना. मग सहदेवला पोर शोधावं लागलं. कुठे आहे ते ठाऊक असलेलं पोर शोधण्याचं सोंग करत तो धोंडूबरोबर हत्तीच्या पोटात वाकला, तिकिटाच्या खिडकीमागे गेला, "लवू, लवू" अशा हाका मारू लागला. हाका मारताना त्याचा आवाज खरोखरच कापत होता. धोंडू सारखा म्हणत होता, "मिळतलो रे, देवी आसा." आणि सहदेव पुढची हाक आणखी मोठ्याने मारत होता.

तळ्याकडे लोक जमले होते. त्यांच्यातून वाट काढून पाहतो तर प्रेमा पाण्यात होती. कुणीतरी तिला सांगितलं की एक लहान पोर तळ्याकडे जाताना पाहिलं. ती लुगड्यासकट कमरेपर्यंत पाण्यात उतरली होती, हाताने पाणी बाजूला सारत होती आणि होडीवाल्याला ओरडून सांगत होती, "अहो दादा, बांबू घाला ना खाली, जरा बांबू घालून बघा ना!" होडीवाल्याने बांबू घातला. प्रेमाने डोळे मिटले.

आता तरी त्याने ओरडून सांगायला हवं होतं. तो आहे, खोलीत आहे, मला माहीत आहे. पण सांगायचं तर मघाशी का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं. बांबू पाण्यात दुसऱ्यांदा गेला, आणि सहदेव खिशात हात घालून ओली टोपी मुठीत आवळत उभा राहिला. त्या घटकेला त्याला आपली स्वतःची किळस आली.

तेवढ्यात लाऊडस्पीकर खरखरला. पिवळा शर्ट घातलेली मुलगी, दोन वेण्या, नाव लवू सांगते, आईचं नाव प्रेमा सांगते.

प्रेमा पाण्यातून कशी बाहेर आली आणि कशी धावली ते तिचं तिलाही कळलं नसेल. हे दोघे पोचले तेव्हा तिने लवूला छातीशी धरलं होतं आणि लवू तिच्या ओल्या खांद्यात तोंड खुपसून बसला होता. दोन्ही वेण्यांची दुमड सुटून त्या कानांवर लोंबत होत्या.

खिडकीतल्या बाईने सहदेवला ओळखलं. "अहो, हे तर मघाशी येऊन गेले," ती प्रेमाला म्हणाली. "मी वेण्यांचं सांगितलं, शर्टाचं सांगितलं. हे नाही म्हणाले. ती आमची नाही म्हणाले."

प्रेमाने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या लुगड्यातून पाणी गळत होतं. तिने त्याच्या पँटचा फुगलेला खिसा पाहिला, त्यातून बाहेर आलेला लोकरीचा बंद पाहिला. भांडली असती, चारचौघांत थोबाडीत मारली असती, तरी सहदेवने ते आनंदाने घेतलं असतं.

धोंडू वेण्यांकडे बघत होता. त्याला समजायला वेळ लागला नाही, तोही त्याच मुलखातला. आता हसेल, सहदेवला वाटलं. हसावंच त्याने, आरवावं, सगळ्यांना हाका मारून दाखवावं. धोंडू हसला नाही. त्याने एकदा सहदेवकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली, माणूस उघडा दिसला की आपण मान फिरवतो तशी. मग खिशातून चिक्कीचा तुकडा काढून तो लवूसमोर वाकला.

"काय रे लवू, दमलंस? घे, खा."

परक्या माणसाचा आवाज ऐकून लवूने तोंड वर केलं. धोंडू दिसताच त्याने आईच्या गळ्यातले दोन्ही हात सोडले आणि घाईघाईने डोक्यावर दाबून धरले. एका वेणीवर एक, दुसरीवर दुसरा. इवल्याशा हातांत त्या मावत नव्हत्या. चिक्की तशीच धोंडूच्या हातात राहिली. आईच्या खांद्यावरून लवूने सहदेवला शोधलं.

"बाबा," तो म्हणाला, "मी त्यांना आधी नाव नव्हतो सांगत, हसतील म्हणून. आता नाय ना दिसत?"

धोंडूने तोंड फिरवलं. प्रेमा लवूला घेऊन बसकडे चालू लागली, आणि डोक्यावरचे हात न काढता लवू उत्तराची वाट बघत मागे बघत राहिला.