स्वेच्छेने निवडलेली ऊब

"दर्रे-बीद गावातील एकतीस भूकंपग्रस्त कुटुंबांनी आपापल्या नव्या घरासाठी उष्णतेची व्यवस्था स्वतः, स्वेच्छेने आणि कोणत्याही दबावाविना निवडली आहे."

पुनर्वसन कार्यालयाच्या अहवालातील सातव्या पानावरचे हे पहिले वाक्य. व्याकरणदृष्ट्या निर्दोष. त्यातला आकडा खरा आहे. बाकीचे शब्द एकेक करून उजेडात धरावे लागतात.

'निवडली' या क्रियापदापासून सुरुवात करतो. अर्जावर चार पर्याय छापलेले होते: रॉकेलची बुखारी म्हणजे धुराड्याची शेगडी, लाकडाची बुखारी, पुढेमागे येणाऱ्या गॅसवरची यंत्रणा आणि भिंतीवर टांगायचे विजेचे पांढरे पॅनेल. एकतीसच्या एकतीस कुटुंबांनी चौथा पर्याय निवडला म्हणे. मेंढ्या वरच्या कुरणात कोणत्या दिवशी न्यायच्या, यावर या गावाचे चाळीस वर्षांत एकमत झालेले मी पाहिलेले नाही. तिथे एका दुपारी एकतीस चुलींचे एकमत व्हावे, ही घटना भूकंपाहून मोठी म्हणायला हवी. शिवाय पॅनेलांचे खोके त्या दुपारच्या तीन आठवडे आधीच गोदामात उतरले होते. पोचपावतीची तारीख अहवालाच्याच परिशिष्टात आहे, कारण परिशिष्टे कोणी वाचत नाही अशी अहवाल लिहिणाऱ्यांची श्रद्धा असते.

'स्वेच्छेने' या शब्दाचा पुरावा म्हणून कार्यालयाने एक रकाना जोडला आहे: 'लाभार्थीचे स्वतःचे शब्द'. चौदा ठिकाणी तिथे नुसता अंगठा आहे. सतरा ठिकाणी थोड्याफार फरकाने एकच वाक्य आहे: "घर आपलंच आहे, आपण म्हणाल ते." त्याखाली कार्यालयाचा शिक्का: 'निवडीचा अधिकार लाभार्थीने कार्यालयाकडे सुपूर्द केला.'

मी इस्फहानात सव्वीस वर्षे जुन्या दस्तऐवजांचे वाचन शिकवतो. मृताच्या अंगठ्याची खते पाहिली आहेत, न जन्मलेल्या साक्षीदारांच्या सह्या पाहिल्या आहेत. पण दारात आलेल्या पाहुण्याला कोणी 'घर तुमचंच' म्हणावे आणि पाहुण्याने खिशातून शिक्का काढावा, हे माझ्या वाचनात प्रथमच आले.

त्या सतरांपैकी एक माझी मावशी, गुलबस खाला. पाचवी मुलगी झाली तेव्हा आजोबांनी नावातच 'बस' घालून वरच्याला समज दिली होती. वरच्याने ऐकले नाही, सहावीही मुलगीच झाली. खाला तंदूर घडवते. शेळीचे केस घालून तिने मळलेली माती खोऱ्यातल्या सात गावांत भाकरी भाजते आहे. आग कुठून श्वास घेते आणि धूर कुठून वाट काढतो हे तिला शिकवावे लागत नाही.

पुनर्वसन कार्यालयाचे इंजिनिअर शकूरी तिच्या तंबूत आले त्या दुपारी मी तिथेच होतो. खालाने चहाचा समोवर पेटवला होता.

"घ्या, साहेब, चहा घ्या."

"नको नको, खाला, कशाला त्रास."

"त्रास कसला? तुमच्या पायाची धूळ लागली, तंबूचा वाडा झाला. घ्या."

"खरंच नको. आत्ताच झालाय खालच्या तंबूत."

"खालच्या तंबूतला चहा म्हणजे गरम पाणी. घ्या हो, माझी शपथ."

तेव्हा कुठे शकूरींनी पेला उचलला, खडीसाखर दाताखाली धरली आणि मग आणखी दोन पेले रिचवले. अर्ज मांडीवर घेऊन त्यांनी विचारले, "हां, खाला, घरात ऊब कशाची हवी?"

"घर आपलंच आहे, साहेब. आपण म्हणाल ते डोळ्यांवर."

शकूरींनी लिहिले. टोपण लावले. उठले.

खालाचे तोंड उघडेच राहिले. दुसऱ्यांदा विचारतील म्हणून तिने उत्तर जिभेवर आणून ठेवले होते. आमच्याकडे पहिला नकार हा नकार नसतो आणि पहिला होकार हा होकार नसतो. पेल्यापासून सोयरिकीपर्यंत सगळे तिसऱ्या विचारण्यावर ठरते. यजमानीण बोलत असताना भाच्याने मध्ये तोंड घालणे अशिष्ट, म्हणून मीही गप्प बसलो. त्या शिष्टपणाची मला आजही लाज वाटते.

"गेला की रे!" ती म्हणाली. "त्याला घाईची लागली होती का?"

शरद सरताना घरे मिळाली. सरळ भिंती, मजबूत छत, पांढरा रंग. आणि धुराड्यासाठी एकाही भिंतीत जागा नाही. कारण उघड होते. ज्यांनी स्वेच्छेने पॅनेल निवडले, त्यांना धुराडे कशाला? दुसऱ्या बर्फात विजेच्या तारा तुटल्या. पॅनेले भिंतीवर नीटनेटकी टांगलेली राहिली, थडग्यावरच्या दगडासारखी थंड. शेजारच्या शहरबानूने बंद खोलीत कोळशाचे घमेले ठेवले, वर चौरंग, चौरंगावर रजया, आणि नवराबायको पाय आत घालून बसली. जुन्या घरांना फटी होत्या, म्हणून हे चालत असे. नव्या घराला कार्यालयाच्या कृपेने एकही फट नव्हती. दुपारी खाला मीठ मागायला गेली, म्हणून दोघे वाचले. तिने त्यांना काखेत धरून बर्फात ओढून काढले. शहरबानू शुद्धीवर येऊन ओकत होती तेव्हा खाला तिच्या पाठीवर थापट्या मारत म्हणाली, "मर, पण मला मीठ देऊन मर."

दुसऱ्या सकाळी तिने छिन्नी आणि हातोडा काढला आणि आपल्या घराच्या भिंतीला भोक पाडले. पत्र्याची नळी घातली, भोवती केसाळ मातीचे कडे घातले, कुठूनशी आणलेली रॉकेलची बुखारी लावली. दारातूनच तिने मला फोन केला.

"फरामर्ज, ये. चहा तीनदा विचारणार नाही, एकदाच देणार. सरकारची भिंत फोडलीय."

चार दिवसांत नोटीस आली: शासकीय खर्चाने बांधलेल्या नव्या वास्तूची हेतुपुरस्सर हानी. दहा दिवसांत भिंत पूर्ववत करून लेखी माफीनामा न दिल्यास घराला कुलूप लावून ताबा परत घेण्यात येईल. बाहेर कमरेइतका बर्फ होता आणि तंबू कार्यालयाने केव्हाच गोळा करून नेले होते. कुलूप म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आठव्या दिवशी सुनावणी झाली. दालन इतके उबदार होते की कार्यालयाचे प्रमुख तवक्कोली यांनी कोट काढून खुर्चीला लावला होता. त्यांच्या उजवीकडे शकूरी, डावीकडे टंकलेखिका. खालाला वाचता येत नसल्याने तिच्या वतीने कागद वाचण्याची मला परवानगी होती. मी ती जरा सैलपणे वापरली.

"इंजिनिअरसाहेब," मी म्हणालो, "त्या तंबूत आपल्याला चहा किती वेळा विचारला गेला?"

"याचा इथे काय संबंध?"

"आठवत नसेल तर राहू द्या."

"आठवतं की. तीनदा. रीतच आहे ती."

"आपण पहिल्यांदा 'नको' म्हणालात. तेव्हा खालाने समोवर विझवला असता तर?"

शकूरी हसले. "तर मी तिला वेडी समजलो असतो. 'नको' म्हणजे नको असतं का?"

"आणि ऊब कशाची हवी, हे आपण किती वेळा विचारलंत?"

शकूरींनी प्रमुखांकडे पाहिले, प्रमुखांनी खिडकीकडे.

"एकदा," शकूरी म्हणाले. "एकतीस तंबू होते, साहेब. तीनदा विचारत बसलो असतो तर वसंत उजाडला असता."

"आता उजाडेपर्यंत आम्ही गारठतोय," खाला म्हणाली. "तुमची घाई भागली ना? मग झालं."

तवक्कोली घसा खाकरून म्हणाले, "ताई, कार्यालयाला तुमच्या जिवाचीच काळजी आहे. बुखारीनं माणसं गुदमरतात. आकडेवारी आहे आमच्याकडे."

"बुखारीनं नाही गुदमरत. भोक नसलेल्या घरात गुदमरतात. तुमच्या आकडेवारीला शहरबानूकडे पाठवा, ती ओकून दाखवेल."

प्रमुख सज्जन होते. म्हणजे, त्यांना हे प्रकरण जेवणाआधी मिटवायचे होते. त्यांनी तोडगा काढला. खालाने एवढेच लिहून द्यावे की भोक अनवधानाने, थंडीच्या भरात, चुकून पडले. मग घर तिचे. वसंतात भोक बुजवायचे, पुढल्या हिवाळ्याचे पुढे पाहू. शकूरींनी मान डोलावली. मी स्वतःही, कबूल करतो, मनातल्या मनात तो कागद लिहायला घेतला होता. एका शब्दाने घर राहत होते. 'चुकून' हा शब्द किती घरे तारून नेतो, हे दस्तऐवज वाचणाऱ्याला ठाऊक असते.

"नमुना आहे का छापलेला?" खालाने विचारले.

"आहे. फक्त अंगठा उठवा."

"अंगठे पुष्कळ झाले. मी बोलते, पोरीला लिहू दे."

तवक्कोलींनी नाइलाजाने नियमावली उघडली. कलम स्पष्ट होते: आरोपीचे म्हणणे शब्दशः नोंदवावे, त्यात कार्यालयाने भर घालू नये वा काटछाट करू नये. त्यांनी टंकलेखिकेला खूण केली. खालाने डोक्यावरचा रुमाल नीट केला. तिने 'आपण' म्हटले नाही, डोळ्यांवर काही घेतले नाही, कोणाच्या पायाची धूळ काढली नाही. टंकलेखिका मागे पडली की ती थांबे, आणि किल्ल्या वाजायच्या थांबल्या की पुढे बोले.

त्या नोंदीची प्रत माझ्यासमोर आहे. ती अशी:

"मी गुलबस, दर्रे-बीदची. भोक मीच पाडलं. चुकून नाही आणि थंडीच्या भरातही नाही. ओळंबा धरला, माप घेतलं, छताच्या दोन वीत खाली पाडलं. तेव्हापासून घरात धूर नाही, ऊब आहे. आणि भोक एक नाही, बारा आहेत. दुसरं शहरबानूकडचं. पाचवं अजान देणाऱ्या म्हाताऱ्याच्या घरातलं. तो आधी घाबरत होता, आता सगळ्यात आधी बुखारी तोच पेटवतो. तुमच्या निरीक्षकानं ज्या भिंतीला टेकून माझी नोटीस लिहिली, तिच्यात सातवं. तुमची गाडी वळणावर दिसली की आम्ही नळी आत ओढतो आणि बाहेरून चुना फासलेला पत्रा लावतो. आज सकाळी त्या सगळ्यांनी मला निरोप देऊन धाडलंय, की आमची नावं घे, आता लपवायचा कंटाळा आला. उरलेली एकोणीस मी शुक्रवारपर्यंत पाडणार आहे. कुलपं आणायची असतील तर एकतीस आणा."