लाल ओळीचं पान

मी औषधांची वही बोलतेय. वही म्हणायचं ते सवयीनं. आता माझं एकच पान उरलंय, तेही दुसऱ्याच्या वहीत डकवलेलं. पण आवाज अजून बत्तीस पानांचा आहे, तेव्हा ऐका.

तांगो या रेशीम विणणाऱ्या मुलखातल्या एका औषधांच्या दुकानात, गल्ल्याशेजारच्या गठ्ठ्यात माझा जन्म झाला. आमच्याकडे औषध घ्यायला येणाऱ्याला अशी वही फुकट मिळते. कुठल्या डॉक्टरनं काय दिलं, अंगाला काय सोसलं नाही, ते तिच्यात चिकटवायचं आणि पुढच्या डॉक्टरपुढे धरायचं. फुकट मिळालेल्या वस्तूला माणसं मान देत नाहीत, म्हणून माझा मान मीच ठेवला. मला कुणी शिकवलं नाही. अंगावर चिकटलेल्या चिठ्ठ्या वाचून वाचून मी औषधविद्या शिकले.

मी तोमिएची होते. चाळीस वर्षं रेशमाच्या मागावर बसलेली बाई. मागाच्या खडखडाटानं कान गेलेले, पण ते कबूल करायची लाज. समोरचा काहीही बोलो, ही मान डोलावून म्हणणार, "हो, हो. बरं, बरं."

अडुसष्टाव्या वर्षी तिच्या उजव्या गालात वीज शिरली. वाऱ्याची झुळूक लागली, मऊ तोफूचा घास चावला, तरी कळ मस्तकात जायची. गावच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी गोळी दिली. मूळची ती फिटची गोळी. दुकानातल्या आवाझुबाईंनी समजावलं, "तुमच्या गालाची नस उगाचच बोंब मारतेय. ही गोळी तिला गप्प करते." खरंच करते. पण एकट्या गालाच्या नसेला गप्प बसवणारी गोळी अजून कुणी बनवलेली नाही. ती सगळ्या डोक्यालाच थोडं थोडं गप्प करते, म्हणून झोप येते, तोल जातो. तोमिए भिंतीला धरून चालायची आणि सुनेला म्हणायची, "साके न पिताच झिंगले गं, सावाको."

बाराव्या दिवशी ताप आला. छातीवर लाल चट्टे, तोंडात फोड. गोळी बंद केली आणि ती वाचली. तेव्हा आवाझुबाईंनी माझ्या पहिल्या पानावर पट्टी धरून लाल अक्षरांत लिहिलं: "कार्बामाझेपिन. अंगावर उठतं. पुन्हा कधीही देऊ नये." आणि तिला म्हणाल्या, "जास्त घेतल्यानं होतो तो विषार; मात्रा उतरवली की तोही उतरतो. हे तसलं नाही. तुमच्या शरीरानं या औषधाला शत्रू ठरवलंय. आता कणभरही चालणार नाही."

"हो, हो. बरं, बरं."

मी तेव्हाच ओळखलं, बाईच्या कानात यातलं काही शिरलेलं नाही.

पुढे तिचे डोळ्यांचे डॉक्टर वेगळे, गुडघ्याचे वेगळे. प्रत्येकासाठी तिनं नवी वही घेतली. सावाको चिडायची, "अहो आई, वही एकच असते! दुकान काढायचंय का वह्यांचं?"

"तुला नाही कळायचं. एका डॉक्टरचं लिहिलेलं दुसऱ्यापुढे ठेवायचं म्हणजे तोंडावर अविश्वास दाखवणं. शोभतं का ते?"

मला रेशमी फडक्यात बांधून तिनं देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलं. सभ्यपणानं जेवढी माणसं मारली असतील तेवढी कुठल्या विषानं मारली नसतील, असं माझं मत आहे. रागवायचं त्यानं रागवा.

सहा वर्षांनी गालातली वीज परत आली. म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना बंद झालेला. मुलगा इसाओ तिला शहरात नव्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरनं विचारलं, "कुठलं औषध सोसत नाही असं काही?" तिनं गुडघ्याची वही पुढे केली आणि म्हणाली, "तसं विशेष काही नाही." घरी येऊन तिनंच सुनेला हे सांगितलं. "म्हाताऱ्या डॉक्टरांच्या गोळीनं अंगावर उठलं, असं परक्या माणसापुढे कसं बोलू? ते आमच्या ह्यांच्या अंत्यविधीला भर पावसात चालत आले होते."

मग तिनं गोळी तळहातावर घेतली. "तीच जुनी दिसतेय."

"आई, थांबा. ती पहिली वही बघू या." सावाकोनं खणाला हात घातला. उजेडाची एक चीर माझ्यापर्यंत आली.

"राहू दे गं. सारखी काय शंका? तेव्हा जास्त झाली असेल. आज अर्धीच घेते."

खण बंद झाला. मी फडक्याच्या आत ओरडले. कागदाला ओरडता येत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

एकदा शत्रू ठरवलेल्याला शरीर दुसऱ्यांदा लगेच ओळखतं. बारा दिवस लागले नाहीत. दुसऱ्याच दिवशी अंग पेटलं. कातडी भाजल्यासारखी सुटायला लागली, डोळे चिकटले. तिसऱ्या दिवशी सावाको मला छातीशी धरून इस्पितळात धावली. डॉक्टरांनी लाल ओळ वाचली आणि मान खाली घातली. नवव्या दिवशी तोमिए गेली.

शवपेटीत तिच्या आवडीच्या वस्तू ठेवल्या. इसाओनं रेशमी फडक्यासकट मला तिच्या हाताशी ठेवलं. "तिकडे तरी डॉक्टरला दाखव हं आई," तो म्हणाला.

उदबत्ती लावायला आलेल्या आवाझुबाई पुढे झाल्या. "थांबा. ते लाल पान जाळू नका. हा स्वभाव रक्तातून येऊ शकतो. इसाओ, तुमच्यातही असेल."

सावाकोनं सासूची सूत कापायची छोटी कात्री आणली आणि मला कापलं. एकतीस पानं मालकिणीबरोबर राख झाली. मी इसाओच्या वहीत पहिल्या पानावर डकवली गेले. त्या दिवसापासून सावाको माझ्याकडे बघत नाही. तिला वाटतं, हात तिनं मागे घेतला. बाई गं, तुझा दोष नाही. तू खण उघडला तरी होतास.

आज इसाओचा गाल दुखतोय. दाढ असेल, नाहीतर आईची वीज असेल. तो शहरातल्या एका नव्या दवाखान्यात उभा आहे. खिडकीतली मुलगी विचारतेय, "औषधांची वही आणलीय का? नसली तरी चालेल." मी त्याच्या कोटाच्या खिशात आहे. त्याचा हात खिशात आलाय, माझ्यावर थांबलाय. मागे रांग आहे. आईसारखीच त्याची मान डोलायला लागलीय.

काढ रे मला, पोरा. कुणाला काय वाटेल ते वाटू दे. बाहेर काढ.