वाचायच्या आधीच मंजूर

सांगलीत आमच्या राज्यशास्त्र विभागात दर शनिवारी लोकशाहीवर चर्चासत्र होतं. या शनिवारी माझ्या शेजारी बसणाऱ्या सन्मती मगदूमनं साखर कारखान्यांच्या वार्षिक सभांवर निबंध वाचला. अध्यक्ष विषय वाचायला लागतात आणि वाक्य पुरं व्हायच्या आत सभासद ‘मंजूर, मंजूर’ म्हणून ओरडतात. स्वित्झर्लंडच्या गावसभेत लोक आधी ऐकतात, भांडतात, मग हात वर करतात. सन्मती चिडूनच बोलत होता. ज्याला ऐकायचंच नाही त्याला मताचा हक्क कशाला द्यायचा, असं तो म्हणाला. त्याचे वडीलही सभासद आहेत आणि तेही ओरडतात, हे त्यानं लपवलं नाही. आम्ही माना डोलावल्या.

तोवर बाहेर जेवण मांडलं होतं, मटकीच्या उसळीचा वास आत येत होता. विभागप्रमुख घोरपडे सर कागद घेऊन उठले.

“जाता जाता एकच विषय. पुढच्या वर्षी या चर्चासत्रांचे समन्वयक म्हणून...”

“मंजूर,” सन्मती म्हणाला. मग सगळेच म्हणाले, मीसुद्धा. सरांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

जेवताना सन्मती माझ्याकडं वळला.

“कुणाला केलं रं?”