असंख्यच्या शेजारी शून्य

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि पाणी तपासण्याची एक छोटी खोली मनात आणा. फळीवर ओळीने बाटल्या मांडलेल्या आहेत, प्रत्येकीवर एका गल्लीचे नाव. कोपऱ्यात एक ऊबदार पेटी, तिच्यात काचेच्या ताटल्या. खिडकीजवळ संगणक आणि त्यात आडव्या-उभ्या रेघांचा लांबलचक तक्ता. त्या तक्त्यातला मी एक जुना रकाना आहे. तेव्हा तुम्ही कितीही डोळे ताणले असते तरी मी दिसलो नसतो, कारण मला झाकून ठेवलेले होते. त्यातूनच पुढचे सगळे घडले.

बाटलीतले थोडे पाणी ताटलीत घालून ती दिवसभर उबेत ठेवली, की पाण्यातले जंतू वाढून ठिपके उमटतात. जितके ठिपके जास्त, तितके पाणी वाईट. हे ठिपके मोजून माझ्या डावीकडच्या रकान्यात लिहिण्याचे काम एका तपासनीस बाईंचे होते. ताटली स्वच्छ निघाली की त्या शून्य लिहीत नसत. "काही नाही" असे शब्दांत लिहीत. पण तक्ता सरासरी काढताना शब्द वगळतो. त्यामुळे स्वच्छ बाटल्या मोजणीतून गळून जात आणि चांगल्या गल्ल्याही वाईट दिसू लागत. शेवटी संगणक शिकवणाऱ्या मास्तरांना बोलावणे गेले.

"बाई, आकड्यांत शब्द कशाला कालवता?" मास्तरांनी विचारले.

"शून्य दिसलं की साहेब म्हणतात, ही बाटली तपासलेली दिसत नाही. दर वेळी कोण भांडत बसणार?"

"बरं, तुमची सवय राहू द्या. मी मध्ये एक दुभाष्या बसवतो."

तो दुभाष्या म्हणजे मी. मास्तरांनी माझ्या प्रत्येक चौकटीत एकच अट घातली: शेजारी संख्या असेल तर तीच घे, नसेल तर शून्य लिही. माझे आकडे पाहून पुढचे पान गल्ली हिरवी की लाल ते ठरवी, आणि लाल गल्लीचे पाणी बंद होई. पहिल्याच दिवशी सगळे नीट जुळले. साहेबांनी मास्तरांची पाठ थोपटली. मला वाटले, ती माझीच थोपटली. मग कुणाचा हात लागून मी बिघडू नये म्हणून मास्तरांनी मला झाकून टाकले.

अकरा वर्षे मी इमानेइतबारे राबलो. तेवढ्या काळात मास्तर दुसऱ्या गावी गेले, बाईही निवृत्त झाल्या. मी तिथे आहे हे कुणाच्या लक्षातही राहिले नाही.

बाईंच्या जागी एक तरुण तपासनीस आली. शाळा सुटली की तिची मुलगी खोलीत येऊन बसे. पेन्सिली कुरतडते म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. त्या उन्हाळ्यात टाकीमागच्या गल्लीत पाण्याचा नळ आणि सांडपाण्याचा नळ जमिनीखाली एकाच ठिकाणी फुटले. तिथल्या बाटलीची ताटली ठिपक्यांनी इतकी भरली, की मोजायला दोन ठिपक्यांमध्ये जागाच उरली नाही. तपासनिसाने शिकल्याप्रमाणे लिहिले, "असंख्य".

मित्रांनो, मी शेजारी पाहिले. संख्या नव्हती. मी शून्य लिहिले.

पुढच्या आठवड्यातही असंख्य, त्याच्या पुढच्या आठवड्यातही असंख्य. मी तिन्ही वेळा शून्य दिले. सगळ्यांत घाण पाणी माझ्या हातून सगळ्यांत स्वच्छ ठरले. साहेब फक्त पुढचे पान पाहत, आणि तपासनिसाला वाटे, आपण लिहिले म्हणजे वर कळले.

चौथ्या आठवड्यात खारूताई आली ती दप्तर न उतरवताच.

"आई, माझी बाकावरची मैत्रीण दवाखान्यात आहे. त्यांच्या टाकीमागच्या गल्लीत घरोघर जुलाब लागलेत. पाणी बंद का नाही केलं?"

तपासनीस ताडकन उठली आणि साहेबांना घेऊन आली.

"अहो, पण गल्ली हिरवी आहे," साहेब पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. "मी काय मनाने रंग भरतो?"

"साहेब, मी स्वतः लिहिलंय. तीनदा."

खारूताईने मात्र पडद्यावर पट्टी आडवी धरली आणि तक्त्याच्या माथ्यावरची, प्रत्येक रकान्याला ओळीने दिलेली अक्षरे वाचायला घेतली. ती थबकली.

"आई, इथलं एक अक्षर गाळलंय. इथे कोणीतरी आहे."

तपासनिसाने मला उघडले. अकरा वर्षांनी माझ्यावर उजेड पडला, आणि सगळ्यांना दिसले ते असंख्यच्या शेजारी बसलेले माझे शून्य. साहेबांनी लगेच फोन उचलला. तासाभरात त्या गल्लीचे पाणी बंद झाले.

नवव्या दिवशी मैत्रीण घरी आली. तिच्या घराशेजारचे आजोबा दवाखान्यातून परत आले नाहीत. ते रोज पहाटे पहिला तांब्या त्याच नळाचा भरत.

आता माझ्या अटी बदलल्या आहेत. संख्या असेल तर तीच. "काही नाही" असेल तर शून्य. "असंख्य" असेल तर मोजता येणारा सगळ्यांत मोठा आकडा. आणि न ओळखता येणारा शब्द आला, तर मी गप्प राहून लाल होतो, म्हणजे कुणीतरी येऊन विचारेल. मला आता कुणी झाकत नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधी मोठे होऊन एखाद्याला असे काम नेमून द्याल. त्याला न समजणारे काही आले तर त्याने काय करावे, तेही सांगून ठेवा. आणि अधूनमधून त्याच्याकडे येऊन बघा.

माझ्या अटी बदलल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर खारूताई आली. आईने विचारले, "आता काय शोधतेस? झालं ना दुरुस्त?"

"हे आत्ताचं झालं. अकरा वर्षांत अजून कुठले शब्द आले होते?"

खारूताईने खुर्ची पुढे ओढली, तक्ता पार वर नेला आणि पट्टी पहिल्या ओळीखाली धरली. सातव्या ओळीत डावीकडे लिहिले होते, "बाटली फुटली". माझ्या चौकटीत शून्य होते. तिने तोंडातली पेन्सिल काढली आणि वहीत त्या गल्लीचे नाव लिहिले.