रविवारची चाळण

आजीला जाऊन तिसरा दिवस उजाडला तरी तिला माती मिळाली नव्हती. जुलैचं ऊन. रिवाजाप्रमाणे अंगणात उभारलेल्या लोकरी तंबूत तिला ठेवलं होतं, आणि आम्ही बायका भिंतीकडे तोंड करून रडत होतो. तिला अंघोळ घालायला मात्र एकीचाही हात पुढे होईना. गावातले पुरुष दफनभूमीच्या फाटकात ठाण मांडून बसले होते. बुरुल ख्रिस्ती होऊन मेली, तिला आम्हा मुसलमानांत जागा नाही, हे त्यांचं म्हणणं.

ती जागा आजीने एकवीस वर्षं राखली होती. आजोबांच्या कबरीशेजारचं गवत दर वसंतात स्वतः उपटायची. "बेगिमाइ, मला त्यांच्याशेजारीच ठेव गं," एवढंच तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलं.

ख्रिस्ती होऊन तिने गावाचं असं काय वाकडं केलं होतं? सरकारी गोठ्यात दूध काढणारी बाई. पन्नाशीत येशूला धरलं आणि पहिल्यांदा काय केलं, तर शिव्या देणं सोडलं. गायीसुद्धा बावचळल्या. प्रार्थना करायची ती गोठ्यातच, गावातल्या एकेका घराचं नाव घेऊन. फाटकात बसलेल्यांचीही नावं त्यात असायची.

दर रविवारी शेजारची कुमुश आजी चाळण उसनी न्यायला यायची आणि तास-दीड तास हलायची नाही. दार लावून दोघी गुडघे टेकायच्या. मी बाहेर राखण करायची. कुमुशच्या मुलाला कळलं असतं तर त्याने तिला घराबाहेर काढलं असतं. सोमवारी चाळण परत, रविवारी पुन्हा उसनी. अशी अठरा वर्षं.

"कुमुश, एवढं चाळतेस तरी काय गं?" बायका चिडवायच्या.

"किडे फार झालेत बाई माझ्या पिठात. तुमच्यासारखी नशीबवान कुठे मी!"

तिसऱ्या दिवशी दुपारी ताश्तान काका फाटकावरून परत आला. आजीचा थोरला मुलगा तो. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मुल्लाजी म्हणतात, शेवटच्या घटकेला तिने कलमा पढला असेल तर मी स्वतः नमाज पढवतो. जवळ तूच होतीस. काय म्हणाली ती?"

ती म्हणाली होती, "आले रे, येशू." तेही हसून.

"काका, तुम्हाला ठाऊक आहे ती काय म्हणाली असेल."

"मला नको ठाऊक!" काका ओरडला, आणि मग पुटपुटला, "आईला वास यायला लागलाय गं."

मुल्लाजी तंबूच्या दारात आले. माणूस वाईट नव्हता, तोही थकला होता. "सांग पोरी."

"कलमा पढला तिने," मी म्हणाले.

"आणि येशूला?"

"सोडलं."

तंबूभर सुस्कारा पसरला. बायका पाणी तापवायला धावल्या. कोपऱ्यातून फक्त कुमुश आजी उठली. दारात तिचा मुलगा उभा होता, तरी ती माझ्यापुढे येऊन थांबली.

"माझ्याकडे बघून सांग. खरंच सोडलं बुरुलने?"

मी बघितलं नाही. "सोडलं, आजी. देवाशपथ."

तासाभरात सगळं उरकलं. तिला उचलण्याआधी मुल्लाजींनी रीतीप्रमाणे जमलेल्यांना विचारलं, "कशी होती ही बाई?" "चांगली होती!" सगळे एका आवाजात म्हणाले. तीन दिवस फाटक अडवणारे सगळ्यात मोठ्याने. मला त्यांचे गळे धरावेसे वाटले, आणि त्यांच्याआधी माझा.

कबरीपर्यंत बायका जात नाहीत. पुरुष वळणाआड गेले तशी मी कुमुश आजीच्या घरी धावले. ती एकटीच चुलीशी बसली होती.

"आजी, खोटं बोलले मी! जागेसाठी. ती येशूचंच नाव घेऊन गेली."

"माझी समजूत घालतेस."

"नाही! देवाशपथ!"

"मघाशीही देवाचंच नाव होतं ना तुझ्या तोंडात?" ती रागावली नव्हती. रागावली असती तर मी पाय धरले असते. "मला वाचता येत नाही, पोरी. जे काही होतं माझ्यापाशी, ते बुरुलच्या तोंडून ऐकलेलं. आता तुझं कुठलं धरू, मघाचं की आत्ताचं?"

तिने खुंटीवरून गेल्या रविवारी नेलेली, परत द्यायची राहून गेलेली चाळण काढली, झग्याच्या टोकाने पुसली आणि माझ्या हातात दिली.

"घेऊन जा. मला आता लागायची नाही."