आपल्यातली बाई

रूळ अजून हातातच होता, गुळगुळीत, लाकडी, कडेला शाईचा डाग पडलेला… आणि तो आपणच उचलला, आपणच मारला, हे बेबीनंदाला खरं वाटेना. नोकरीचा पहिला दिवस, तिसरीचा वर्ग, अजून अकराही वाजले नव्हते. समोर सत्यशीला तळहात काखेत दाबून उभी होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

तिची नक्कल करत होता तो सर्जेराव पाटलांचा काकासाहेब. ही फळ्याकडे वळली की सगळा वर्ग खिदळायचा. तिसऱ्या वेळी ती तरातरा गेली, त्याच्या पुढ्यात उभी राहिली… आणि रूळ बसला तो मागच्या रांगेतल्या सत्यशीलेच्या हातावर. का? हसली म्हणून? हसले तर सगळेच होते. पाटलाच्या पोराला मारलं असतं तर संध्याकाळच्या आत बोलावणं आलं असतं. बौद्धवाड्यातल्या पोरीसाठी कोण येणार होतं? हे सगळं हाताने ठरवलं कधी? लहानपणी वडीगोद्रीच्या शाळेत गुरुजी नेमके मलाच का मारायचे, ते मला कधी कळलं नव्हतं… आज कळलं, आणि तेही असं! डी.एड.ला ‘शिक्षेविना शिक्षण’ या विषयावर तिने दहा पानं लिहिली होती. आपल्या पोरींना पुढे बसवायचं ठरवून ती या गावात आली होती.

मधल्या सुट्टीत सत्यशीलेची आई, कांताबाई, दारात आली. शाळेमागेच रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं, तिथून खडीची धूळ अंगावर घेऊन तशीच. बेबीनंदा खुर्चीतून उठली. चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं.

“पोरगी सांगू राह्यली, तुम्ही मारलं म्हणून,” कांताबाई म्हणाली. “बराबर केलं, बाई. आपल्यातली बाई आली म्हणून आम्ही समदे खुशीत हाओत. मारा बिलकुल, पण शिकवा तिला. मी काई म्हणायची न्हाई.”

“बरं,” बेबीनंदा म्हणाली.

दुपारी वर्ग चिडीचूप होता. तिने सातचा पाढा घेतला, पोरांनी एका सुरात म्हटला. सत्यशीलाही म्हणत होती, खाली बघून. माफी मागायची तर आत्ताच, सगळ्यांसमोर… पण मग हे पुन्हा हसतील. आठचा झाला की मागू. आठचा झाला, नऊचा सुरू झाला, एकही पोर हललं नाही… आणि आपल्याला बरं वाटतंय, मघापासून चक्क बरं वाटतंय, हे ध्यानात आलं तेव्हा बेबीनंदाला स्वतःचीच भीती वाटली. ती मध्येच थांबली. पोरं थांबायला धजली नाहीत.